बुजगावण्याचं हेल्मेट

साल १९७४. मला साठावं लागलेलं. तुम्ही माझ्याहून दोन पावसाळे थोरले, आणि हा थोरपणा तालमीत होतो तेव्हापासून मला ऐकवत आलात. इवाई, आता तुमचं वय थांबलं. माझं चालू आहे. थोडं थांबा, मी तुम्हाला गाठतो, मागं टाकतो, आणि मग थोरला मी.

तालमीची मंडळी म्हणाली, आपल्या अंकासाठी हैबतरावांवर चार शब्द लिहून द्या, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं? माझी चौथीसुद्धा पुरी नाही. अक्षर पावट्याच्या वेलागत, जाईल तिकडं जातं. तरी हो म्हणालो. गुणगान करायला नाही. ते तुमच्या भावकीनं दहाव्याला पोटभर केलं, आणि निम्मं खोटं केलं. मला तुम्हाला ऐकवायचं होतं ते राहिलंय. तुम्ही ऐकायला थांबला नाहीत, ही तुमची शेवटची खोडी.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल तर सांगतो. माझी लेक सुमन मार्गासनीला तुमच्या दत्ताला दिली, म्हणून आपण इवाई, म्हणजे व्याही. त्याआधी भोरच्या तालमीत आपण अरे-तुरे होतो. मांडवात तुम्ही मला पहिल्यांदा 'तुमी' म्हणालात आणि मला वाटलं, आता हा गडी जरा मानानं वागवील. कसलं काय. अरे-तुरेत जेवढी टर उडवत होतात तेवढीच तुमी-आमीत उडवलीत. वरून पुन्हा मानपान संभाळायचा म्हणून मला उलट शिवी देता येईना.

फटफटी आधी मी घेतली. हिरडा गोळा करायला डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर फिरायचं तर पायाचे तुकडे पडायचे. धोतर खोचून, पटका आवळून मी नसरापूरच्या बाजारात शिरलो की माणसं हातातलं काम सोडून बघायची. ते तुम्हाला बघवलं नाही. वर्ष फिरायच्या आत तुम्हीही घेतलीत, आणि रंगही माझ्यासारखाच. विचारलं तर म्हणता, "ह्या रंगाचं जनावर घराला चांगलं असतंय, इवाई."

मग टूम निघाली कोकणाची. दिवाळी झाली की वरंधा घाट उतरायचा, महाडावरून पुढं जायचं आणि समुद्र बघायचा. एवढं वय झालं तरी दोघांनीही तो बघितला नव्हता. तुम्ही म्हणायचात की समुद्राचं पाणी खारट असतं ही लोकांनी उठवलेली आवई आहे, चाखल्याबिगर मी मानायचा नाही. मी म्हणालो, लांबची वाट आहे, वाऱ्यानं डोळ्यांना पाणी येतं, घाटात किडे तोंडावर आपटतात, पडलो तर कपाळमोक्ष. आपण हेल्मेट घेऊ. तुम्ही म्हणालात, "तुमी घ्या. मला देवानं डोकं घट्ट दिलंय."

तरी श्रावणात माझ्याबरोबर पुण्याला आलात. मदतीला नाही, मजा बघायला.

जुन्या बाजारापाशी एका दुकानदारानं तीन हेल्मेटं मांडली. एक परदेशी, चोहोबाजूनं बंद. किंमत ऐकून मी ते हातातसुद्धा घेतलं नाही. दुसरं नुसती वाटी, कानावर येणारी. तोंड सगळं उघडं. तिसरं मला पाहताक्षणी आवडलं. वाटीला पुढं हनुवटीपर्यंत येणारं जाड काळसर झाकण, आतून दिसणारं पण बाहेरून तोंड न दाखवणारं, आणि ते बिजागरीवर वर उचलता यायचं. परवडणारंही होतं.

"हेच," मी म्हणालो.

दुकानदार म्हणाला, "काका, बिजागरीत पुढं-मागं खडखड व्हायची. साधी वाटी घ्या, स्वस्त पडंल."

"वाटीत किडं येत्यात."

"मग बंद घ्या."

"बंद घालून गावात शिरू? पारावर चार जाणती बसल्याली असत्यात. तोंड झाकून म्होरनं गेलो तर म्हणतील दरोडेखोर आला. झाकण वर करायचं, राम राम घालायचा, झाकण खाली करायचं, म्होरं जायचं."

"आन तंबाखू," तुम्ही मधेच बोललात. "त्ये बी सांगा की. पिचकारी टाकायला खिडकी पायजे इवायांना."

दुकानदार हसला. मीही हसलो असतो, पण मग त्यानं सुतळी काढली आणि म्हणाला, "काका, पटका काढा. डोक्याचं माप घेतो."

इवाई, त्या घडीपासून आपलं वैर सुरू झालं. तुम्हाला वाटत असेल की बुजगावण्यापासून झालं. नाही.

आपल्यात इवायापुढं उघड्या डोक्यानं कोण बसतं? डोकं उघडं करायचं ते मयताला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही स्टुलावर मांडी घालून थेट माझ्या पटक्याकडं बघत होतात, जत्रेत फड बघायला बसल्यागत. तुम्ही नुसतं "इवाई, म्या जरा बिडी ओढून येतो" म्हणून बाहेर गेला असता, तर मी पटका काढला असता. हे तुम्हाला पक्कं कळत होतं. म्हणूनच तुम्ही हलला नाहीत.

"पटक्यावरूनच माप घ्या," मी म्हणालो.

"मोठं हुईल हो काका."

"माझं डोकं हाय. मोठंच असणार."

तुम्ही मिशीत हसलात, पण तोंडातून अक्षर काढलं नाहीत. एरवी माझ्या चहातल्या साखरेवरसुद्धा बोलणारे तुम्ही, त्या दिवशी तेवढे मुके झालात. हे मी माफ करणार नाही. तुम्ही वर गेलात म्हणूनही नाही.

पुढचं सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, कारण तुम्हीच ते सगळ्या तालुक्याला सांगितलंत. कात्रजचा घाट उतरेपर्यंत हेल्मेट कसं राजासारखं बसलं होतं. पुढं भुरभुर सुरू झाली, पटका भिजला, पीळ ढिले पडले, आणि नसरापूरच्या अलीकडं ते एकदम नाकावर उतरलं. झाकण धाडकन् बंद. आत पटक्याचं टोक तोंडात. मला दिसेना, श्वास घेता येईना, आणि फटफटी रस्ता सोडून भाताच्या खाचरात शिरली. मी चिखलात पालथा, हेल्मेट एकीकडं, पटका दुसरीकडं.

तुम्ही बांधावर उभे राहून हसलात. पोट धरून हसलात. लावणीतल्या बाया धावत आल्या, रस्त्यानं जाणारी बैलगाडी थांबली. आणि मी तिथं चिखलात, डोकं उघडं, टक्कल सगळ्या जगाला दाखवत.

आता जे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत ते मी सांगतो, म्हणजे तुमची पुरी फजिती होईल. बाया जवळ यायच्या आत तुम्ही हसणं गिळलंत, चिखलात उडी मारलीत आणि खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पसरून माझ्यापुढं आडोसा धरलात. बायांना ओरडलात, "हितं काय तमाशा हाय का? जावा, आपापल्या वळीला लागा!" आडोशामागं तुम्हीच माझा पटका पिळलात, झटकलात आणि माझ्या डोक्यावर पीळ पाडून बांधलात. माझ्या टकलाकडं तुमची नजर गेली नाही. मान वळवून बांधलात.

त्या उपकाराचा मला सगळ्यात जास्त राग आहे. खोडीची परतफेड खोडीनं करता येते. ह्याची कशानं करायची?

मी रागानं हेल्मेटाला लाथ घातली. तुम्ही ते उचलून तुमच्या फटफटीच्या दांड्याला अडकवलंत. "म्या ठिवतो. तुमचा राग निवला की न्या." माझा राग काही लवकर निवत नाही, हे काय तुम्हाला ठाऊक नव्हतं?

भादव्यात सुमनला गौरीला आणायला मार्गासनीला आलो. तुमच्या रानाला वळसा घालून रस्ता येतो तिथं भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. आणि रस्त्याच्या कडेलाच बुजगावणं. अंगात तुमचा फाटका कोट, डोक्यावर माझं हेल्मेट. झाकण वर केलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायला!

एसटीचा कंडक्टर तिथं गाडी आली की हाळी द्यायचा म्हणे, "चला, हेल्मेटवालं पाव्हणं आलं!" वेल्ह्यापासून नसरापूरपर्यंत सगळी एसटी हसायची. मी हिरडा घ्यायला जाईन त्या वस्तीवर पोरं डोक्यावर टोपली पालथी घालून माझ्यापुढं नाचायची.

त्या दिवशी बांधावर आपलं झालं ते भांडण अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, "काढा ते."

"तुमचं हाय. तुमी काढा."

"लावलं कुणी? ज्यानं लावलं त्यानं काढायचं, आन माझ्या घरी आणून द्यायचं, मानानं."

"मग राहू द्या. पाखरं लई भितात त्याला. तुमच्यापेक्षा त्यालाच शोभतंय."

सुमन मधे पडली. तिला वेगळीच काळजी. दत्ता वायरमन. तुमचीच फटफटी घेऊन तो डोंगरातल्या खांबांवर फिरायचा, वारा असो का वावटळ. ती म्हणाली, "मामंजी, त्ये ह्यांना तरी द्या. रोज घाट चढतात-उतरतात, माझा जीव टांगल्याला असतो." दत्ता खाली मान घालून उभा. त्यालाही हवं होतं, मी त्याच्या तोंडावर वाचलं.

तेव्हा तुम्ही मिशीवर हात फिरवून बोललात ते शब्द माझ्या कानात अजून तसेच आहेत. "दत्त्या, ऐकून ठिव. आपल्या घरातल्या डोक्यावर पागोटं असतंय, गाडगं न्हाई. ह्ये माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. म्या हाय तवर न्हाई, आन म्या मेल्यावर बी न्हाई."

दत्ता म्हणाला, "व्हय आबा."

मी म्हणालो, "इवाई, तुमच्या घरातलं एक डोकं मी यात घालीन. तुमच्याच उंबऱ्यात घालीन. न्हाई घातलं तर पटका बांधायचा सोडीन."

तुम्ही हसलात आणि चहा टाकायला सांगितलात.

मग कार्तिक आला. तुम्ही वरच्या माळाचा हुलगा उपटून आणलात आणि खळं करायचा कंटाळा म्हणून डांबरी सडकेवर पसरलात. एसटी-ट्रकची चाकं फिरली की आयती मळणी. आपल्याकडं सगळेच करतात, मीही करतो. पण पहाटे दव पडतं, वाळल्या शेंगा चिंब होतात आणि सडक शेवाळासारखी होते, हे तुम्हाला कुणी शिकवायला हवं होतं का? बाजारचा दिवस होता. सकाळी तुम्ही फटफटी काढलीत आणि स्वतःच्याच हुलग्यावरून, स्वतःच्याच रानाशेजारी घसरलात. हातापायाला खरचटलंसुद्धा नव्हतं. डोकं तेवढं मैलाच्या दगडावर गेलं. पागोटं उडून बांधावर पडलं, घडीसुद्धा मोडली नव्हती.

आणि दहा पावलांवर ते बुजगावणं उभं होतं. कडेचं भात कापायचं राहिलेलं, म्हणून उभंच होतं. काठीच्या डोक्यावर हेल्मेट, आणि माणसाच्या डोक्यावर कापड. असला शहाणपणा तुम्हालाच सुचावा.

टेम्पोत घालून तुम्हाला भोरच्या दवाखान्यात आणलं. मला निरोप आला तेव्हा मी हिरड्याची पोती शिवत होतो. आलो तर तुम्हाला पांढऱ्या चादरीखाली घातलेलं. मी चादर बाजूला केली आणि माझ्या तोंडून इतक्या वर्षांनी निघालं, "ए हैबती, ऊठ. ऊठ की." तालमीत तुम्ही चीत झाल्यावर म्हणायचो तसं. तुम्ही उठला नाहीत. मग मी पटका काढून काखेत धरला. बघा, शेवटी तुमच्यापुढं डोकं उघडं करायला लावलंतच मला. तेही मनासारखं करून घेतलंत.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर चिक्कार, एकही खाली येईना. तुमचा थोरला पुतण्या हात जोडून म्हणाला, "आबा, रानाची वाटणी करणार न्हाई." कावळा हलला नाही. विहीणबाईंच्या भावानं सांगितलं, "ताईला अंतर देणार न्हाई." नाही. कुणी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी बिडी पेटवून ठेवली. सगळी डोकी खाजवायला लागली, हैबतरावांची इच्छा राहिली तरी कशात?

मला ठाऊक होतं कशात. बाभळीवरच्या त्या मोठ्या कावळ्याची मान तिरपी होती आणि तो सरळ माझ्याकडं बघत होता, दुकानातल्या स्टुलावरून बघितलं होतंत तसा. तुम्हाला माझ्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: 'दत्ताच्या डोक्यावर हेल्मेट घालणार नाही.'

दत्ता माझ्याजवळ आला. "मामा, तुमी काय तरी बोला. आबा तुमचं ऐकतील."

"त्यांनी माझं कधी ऐकलंय?" मी म्हणालो, आणि हात मागं बांधून उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलं. बाया कुजबुजायला लागल्या. मी बोललो नाही. तुम्ही दुकानात मुके झाला होतात ना? मग मीही झालो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे आंघोळीला उतरले. तुम्ही उपाशी गेलात, इवाई. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण तालमीचा अंक आहे, खोटं कशाला लिहू?

दुपारी दुखवट्याचा मान माझा. बापामागं पोराच्या डोक्यावर पहिलं पागोटं सासऱ्यानं बांधायचं, ही आपली रीत. मी दत्ताला पाटावर बसवलं, नवं कोरं पागोटं बांधलं, मानानं बांधलं, तुमच्या भावकीनं पीळ बघून माना डोलावल्या. दत्ता मला म्हणाला, "उद्यापासनं कामावर जातो. वरच्या वस्त्यांवर अंधार हाय, तारा पडल्यात."

"डोक्यावर काय घालून जाणार?"

तो खाली बघायला लागला. "मामा, आबांना व्हय म्हणलोय. आता मोडू कसं? ते असते तर भांडलो तरी असतो."

सुमन दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला आणि आत गेली. इवाई, तुम्ही हयात असतात तर मी तुम्हाला त्याच पाटावर बसवून बडवलं असतं. तुमचा शब्द गळ्यात बांधून पोरगं रोज त्या घाटात जाणार, आणि सोडवायला तुम्ही नाही.

मी उठलो आणि रानात गेलो. बुजगावण्याच्या डोक्यावरून हेल्मेट मी माझ्या हातानं काढलं. होय, मीच काढलं. ते भांडण तुम्ही जिंकलात, एवढं एक तुमचं. आत कोळ्यानं जाळं केलेलं, वरून पाखरं शिटलेली. बिजागरी गंजली होती, तिला फटफटीचं तेल सोडलं. मागच्या दारानं गोठ्यात नेलं, कारण उंबऱ्यातून न्यायची वेळ अजून यायची होती. दत्ताच्या डोक्याचा अंदाज धरला तर आत तळहात जाईल एवढी फट. पटक्यावरून माप घेतलेलं ना. तुम्ही मिशीत हसला होतात ना.

मी विहीणबाईंकडं गेलो. खुंटीला तुमचं पागोटं होतं, त्या दिवशीचंच. मी लांबूनच म्हणालो, "विहीणबाई, ते मला पायजे." कशाला ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठल्या, खुंटीवरून पागोटं काढलं आणि माझ्या हातात न देता सुमनच्या मांडीवर उलगडलं.

"लई ताठ हुतं," त्या म्हणाल्या. "दुमडून घे पोरी. गोधडीचा दाट टाका घाल, निसटता कामा न्हाई."

दोघी सासू-सुना गोठ्याच्या दाराशी उन्हात बसून शिवत राहिल्या. तुमचं पागोटं, लग्ना-कार्यात कुणापुढं न वाकलेलं, पदराची एकेक घडी घालत हेल्मेटाच्या आत गेलं. मी समोर तंबाखू मळत बसलो होतो. इतका गोड सूड मी जन्मात उगवला नव्हता, आणि तंबाखू मात्र काही केल्या लागेना.

कोकणात मी आता जाणार नाही. समुद्र खारट आहे की नाही हे तुम्हाला कधी कळू नये, हाही त्यातलाच सूड समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तानं फटफटी दारात काढली. भावकीतले चार जण ओसरीवर होते, पलीकडं पारावर जाणती मंडळी. मी हेल्मेट काखेत घेऊन पुढच्या दारानं, तुमच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिलो. दत्ता मागं सरकला. "मामा, नगं. आबांचा शब्द..."

"आबांचा शब्द गाडग्याला हुता," मी म्हणालो. "ह्यात बघ काय हाय."

त्यानं आत बघितलं. बोटांनी चाचपलं. जरीचा पदर त्यानं ओळखला. पागोट्याला नको म्हणायची ताकद तुमच्या घरात कुणात आहे? तोंड वाकडं झालं पोराचं. मी म्हणालो, "वाक," आणि तो वाकला. डोक्यावर घातलं, हलवून बघितलं. तसूभर सरकलं नाही. हनुवटीखाली पट्टा आवळला. तोवर त्याच्या डोळ्यांतून धार लागलेली, आणि पारावरची मंडळी उठून बघायला लागलेली.

मी त्याच्यापुढं आडोसा धरून उभा राहिलो, आणि ते झाकण माझ्या हातानं खाली केलं.